बसायला मनाई असलेला वर्ग

नंदुरबार जिल्ह्यातील समस्त गुडघे, खांदे, माना, कंबरा आणि टाचा यांना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपले पालनकर्ते डॉ. रऊफ मणियार हे आपणांस आहे त्या अवस्थेत सोडून निघून गेले आहेत. यापुढे ज्यांना आखडायचे असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आखडावे. तक्रार ऐकून घेणारा आता कोणी उरलेला नाही.

हे निवेदन मी त्याच्यासमोर वाचलं असतं तर तो येरझाऱ्या घालता घालता म्हणाला असता, "शेठ, मुद्द्यावर ये." मुद्दा असा की बातमी आली तेव्हा मी दुकानात शर्टाचं कापड उलगडत होतो. त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. सकाळी फिरायला निघाले होते, चालता चालताच..." माझ्या हातून ठाण निसटलं आणि गिऱ्हाइकाच्या पायापर्यंत उलगडत गेलं. मी गादीवर टेकणार, एवढ्यात त्याचा तो एकाक्षरी वाटावा असा दरडावणीचा शब्द कानात वाजला, 'उठा'. मी उठलो. तेव्हापासून आजवर धड बसलेलो नाही. जेवताना मध्येच उभा राहतो. बायको विचारते, काय हवंय?  पाण्याचा तांब्या इकडून तिकडे ठेवतो आणि परत पानावर येतो.

आम्ही एका बाकावरचे. त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान, माझ्या वडिलांचं कापडाचं. माझे वडील राजस्थानातून आलेले, त्यामुळे घरी मारवाडी; त्याच्या घरी उर्दू; आणि आम्हा दोघांची एकमेकांशी अहिराणी, कारण शिव्या तिच्यातच गोड लागतात. रऊफ फिजिओथेरपी शिकून गावी परतला तेव्हा लोक त्याला 'मालिशवाला डॉक्टर' म्हणायचे. त्यानं कधी मनावर घेतलं नाही. टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली, फिजिओथेरपीची मुलं आपापल्या गावी परतली, आणि यानं मोबाइलवर त्यांचा वर्ग सुरू केला. कॉलेजं उघडली तरी वर्ग काही बंद होईना. मग त्यानं माझ्या दुकानावरची गोदामाची खोली मागितली. मागितली म्हणजे किल्ली खिशात टाकली.

रविवारी गावात असतील ती मुलं खोलीत यायची, बाहेरगावच्या होस्टेलमधली मोबाइलवर. मोबाइल बांधलेला असायचा माझ्या कापड मोजायच्या लोखंडी गजाला, आणि गज खिडकीच्या गजांत अडकवलेला. वर्ग सुरू होण्यापूर्वी सगळ्यांना त्याचा एकच संदेश जायचा: उठा. कारण त्याच्या वर्गात बसायला मनाई. खोलीतही आणि पडद्यावरही. "दिवसभर लोकांना उठा, चाला म्हणणार, आणि स्वतः बुड टेकून शिकणार?" असं म्हणायचा. पडद्यावर कोणाच्या मागे पलंगाची कड दिसली तरी याची बोटं फोन कापायला गजाकडे जायची. स्वतः तर अखंड खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्याच्याकडे बघून बघून माझी मान दुखायची आणि तिचाही इलाज तोच करायचा.

आणि पेशंट? पेशंट मी. गणेशोत्सवातल्या नाटकांत मेलेल्या राजापासून जिवंत सासूपर्यंत सर्व भूमिका केलेला गावात दुसरा कोण होता? दर रविवारी रऊफ मला एक दुखणं द्यायचा, मी ते अंगावर चढवायचो आणि मुलांनी ओळखायचं. गोठलेल्या खांद्याच्या दिवशी मी असा काही कळवळलो की खालून नोकर पाणी घेऊन आला. रऊफ म्हणाला, "शेठ, तू मरी ऱ्हायना का तुन्हा खांदा दुखी ऱ्हायना? एक काय ते ठराव."

या वर्गात सविता पावरा होती. धडगावकडच्या पाड्यावरची, मामाकडे नंदुरबारला राहणारी. घरी पावरी, कॉलेजात मराठी-इंग्रजी, आणि वर्गात बहुतेक गप्प. प्रॅक्टिकलमध्ये नापास होऊन ती परत आली होती. तिथं घडलं ते असं: परीक्षकांनी उजवा गुडघा दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला काठी उजव्याच हातात दिली, चालायला लावलं आणि विचारलं, काही चुकतंय का? काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, हे सविताला लख्ख माहीत होतं. पण काठी खुद्द परीक्षकांनी दिलेली. ती म्हणाली, नाही सर. आता पुन्हा परीक्षा होती, आणि वडिलांनी सांगून ठेवलं होतं की या खेपेला नाही जमलं तर शिक्षण पुरे, घरी ये.

आमच्या वर्गातही एकदा तसंच झालं. रऊफनं माझ्या उजव्या गुडघ्याचे व्यायाम मोबाइलसमोर करून दाखवले. मुलांनी ते घरच्या माणसांकडून करून घ्यायचे होते. समोरचा माणूस उजवा पाय उचलतो तेव्हा बघणारा आरशातल्यासारखा डावा उचलतो, हे रऊफच्या ध्यानात राहिलं नाही. रनाळ्याच्या गौरवची आजी, जिचा उजवा गुडघा गेलेला, ती पुढच्या रविवारपर्यंत इमानेइतबारे डावा उचलत राहिली. मग घरच्या मोबाइलवरून पडद्यावर स्वतः प्रकटली आणि म्हणाली, "डाक्टर, हाऊ पाय ते मन्हा चांगला व्हता. आते हाऊ बी दुखी ऱ्हायना."

वर्ग हसून हसून भिंतींना टेकला. रऊफही हसला, आजीची माफी मागितली. तेवढ्यात त्यानं सविताचा चेहरा पाहिला.

"तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं?"

तिनं मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिकवत होता, सर."

तो थांबला. खिडकी आणि दार यांच्या मधोमध. मी त्याला असा मध्येच थांबलेला कधी पाहिला नव्हता. नंतर जिन्यात मला म्हणाला, "शेठ, या पोरीला सगळं येतं. फक्त टोकता येत नाही. आन हाई मी पुस्तकमाईन कसं शिकाडू?" मग स्वतःच ठरवलं. पुढच्या रविवारपासून मी मध्येच पाय बदलायचा. उजवा लंगडता लंगडता डावा. "कोन टोकस ते देखू."

मी बदलले. किती प्रकारे बदलले! वळताना, शिंकताना, पडद्यावरच्या मुलांना नमस्कार करताना. गौरव टोकायचा, होस्टेलमधून पोरी ओरडायच्या. सविताचे डोळे नेमके त्याच क्षणी माझ्या पायावर यायचे, ओठ हलायचे... आणि मिटायचे. इतरांना गप्प बसवून पाहिलं, तरी नाही. रऊफ चिडायचा नाही, फक्त त्याच्या येरझाऱ्या वाढायच्या. शेवटच्या रविवारी किल्ली खिशात टाकताना म्हणाला, "बोलेल. तू पाय बदलत राह्य." आणि तो गेला, तिची परीक्षा तोंडावर असताना.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी खोली उघडायला मीच गेलो. किल्ली त्याच्या मुलाकडून आणली. मुलं आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मोबाइल गजाला बांधला तर पडद्यावरही सगळी बसलेली. त्या खोलीत माणसं बसलेली मी प्रथमच पाहत होतो, आणि मला ते सहन होईना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागलो. नाटकात मागच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज, पण 'उठा' म्हणालो ते मलाही धड ऐकू आलं नाही. तरी उठली सगळी. मी कोपऱ्यातली काठी घेतली. सविताला म्हणालो, "उजवा गुडघा. बघ माझ्याकडे." तिनं काठी माझ्या डाव्या हातात नीट धरायला लावली आणि बाजूला झाली.

मी दाराकडून खिडकीकडे लंगडत निघालो. खिडकीपाशी तो गज, गजावरचा मोबाइल, आणि त्याच्याखाली फरशीवर रऊफच्या बुटांनी घासून पांढरा पडलेला पट्टा. तिथं तो वळायचा. मीही तिथंच वळलो. वळताना नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी काही मुद्दाम केलं नव्हतं, कुठला पाय आपला आणि कुठला नाटकातला हेच मला उमगत नव्हतं. डोळ्यांसमोर सगळं धूसर. गौरवनं पाहिलं, पण माझा चेहरा पाहून तो गप्प राहिला.  मी तसाच चालत आलो, आणि कोणाच्याही तोंडून अवाक्षर निघत नसताना माझ्या वाटेत आडवा हात घालून सविता पावरा म्हणाली,

"ओ काका, थांबा. मघाशी उजवा दुखत होता ना तुमचा?"