वाईटाला अस्तित्व नसतं

सरांचा मला अजून राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं तेव्हा हा विषय नेमका काय असतो ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील बीडकडून इकडे आलेले, चाकणच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर ऑपरेटर. तळवड्यात दोन खोल्या. मी राजगुरुनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि पीएच.डी.साठी सरांकडे नाव नोंदवलं. सरांचा दबदबा मोठा होता. ते सांगवीला राहायचे. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये दहा-पंधरा लोक जमत, बहुतेक निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या बायका. सर बोलत, बाकीचे ऐकत. सतरंजी मी घालायचे, चहाचे कप मी आवरायचे. तेव्हा त्याचं काही वाटत नसे.

विषय नवप्लेटोवादाचा होता. तिसऱ्या शतकात इजिप्तहून रोमला जाऊन शिकवणाऱ्या एका तत्त्वज्ञाचं हे दर्शन. सगळं त्या ‘एका’पासून, म्हणजे परमतत्त्वापासून, ओसंडून आलेलं आहे: आधी बुद्धी, बुद्धीपासून आत्मा, आणि सगळ्यात खाली, जिथे पोचता पोचता उजेड संपतो, तिथे जडद्रव्य. मग वाईट कुठून आलं? तर कुठूनच नाही. अंधाराला जसं स्वतःचं अस्तित्व नसतं, तसं वाईटालाही नसतं. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि तो अभाव म्हणजे हे सगळ्यात खालचं जडद्रव्यच.

ही कल्पना फार लांब गेली. उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने ती ख्रिस्ती धर्मात नेली, कारण देव चांगला असेल तर जगात वाईट कसं, या प्रश्नाने त्याला छळलं होतं. त्या रोमच्या तत्त्वज्ञाचं लिखाण अरबीतही गेलं, तेही भलत्याच ग्रीक पंडिताच्या नावावर, आणि मुसलमान विचारवंत, सूफी, ज्यू गूढवादी अशा सगळ्यांच्या विचारात ते मुरलं. माझा प्रबंध या ‘अभावा’च्या प्रवासावर होता. मला ते सगळं खरं वाटत असे. बस चाकण चौकात अर्धा अर्धा तास अडकायची आणि मी खिडकीशी बसून आत्मा वर कसा चढत जातो ते वाचत असायचे.

एका सकाळी वर्गात असताना आईचा फोन आला. वडिलांचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला होता. चार बोटं गेली, अंगठा वाचला.

महिनाभराने सर घरी भेटायला आले. डाळिंबं घेऊन आले होते. त्यांना खुर्ची दिली, वडील पलंगावर बसले. सरांनी विचारलं, “नेमकं कसं झालं?”

वडील डाव्या हाताने दाखवत सांगू लागले. “मशिनीच्या म्होरं उजेडाचा पडदा असतो, सर. डोळ्याला दिसत न्हाई. हात मधी गेला की मशीन आपोआप थांबती.”

“मग थांबलं का नाही?”

“पडदा बंद केलता. मशीन सारखी थांबायची, माल कमी निघायचा. सुपरवायझरनं सकाळीच वायर जोडून बायपास केलं.”

‘उजेडाचा पडदा’ हे दोन शब्द सरांनी हळूच पुन्हा म्हटले. त्यांचा चेहरा उजळला होता. तो चेहरा मी रविवारी पाहिलेला होता, एखादं चांगलं उदाहरण सापडलं की तसा व्हायचा.

“म्हणजे तिथे उजेड नव्हता, म्हणून हे झालं,” ते म्हणाले.

“नव्हता न्हाई, सर. बंद केलता.”

“तेच ते.”

“ते कसं तेच?” वडिलांनी विचारलं. ते वाद घालत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग सरांनी त्यांना समजावून सांगितलं. वाईट असं वेगळं काही नसतं, ती फक्त एक उणीव असते, आणि आत्म्याला त्याची झळ लागत नाही. वडील मान हलवत ऐकत होते. हाताचं बँडेज त्यांनी उशीवर ठेवलं होतं. सर गेल्यावर ते म्हणाले, “माणूस चांगला हाय. पर आपलं ऐकत न्हाई.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंपनीच्या चौकशीचा कागद आला. अपघाताच्या कारणापुढे लिहिलं होतं: ‘कामगाराच्या दक्षतेचा अभाव’. पडद्याचा, वायरचा कुठे उल्लेख नव्हता. वडिलांना मी तो मोठ्याने वाचून दाखवत होते आणि शेवटच्या शब्दापाशी मी थांबले. तो माझा शब्द होता. माझ्या प्रकरणांच्या मथळ्यांत तो होता.

मी कागद घेऊन सांगवीला गेले. सरांनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

“शब्दाचा दुरुपयोग झाला म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही,” ते म्हणाले.

हे बरोबर होतं. मी तेव्हाही कबूल केलं, आताही करते. पण मी विचारलं, “ज्याने वायर जोडली त्याचं काय, सर? तोही अभावच का?”

“त्याच्या बुद्धीपर्यंत प्रकाश कमी पोचला.”

“कमी पोचला नाही. पडदा कशासाठी असतो ते त्याला पूर्ण ठाऊक होतं. म्हणून तर त्याला नेमकी कुठली वायर जोडायची ते कळलं. त्याच्याकडे ज्ञान होतं, कौशल्य होतं, हेतू होता. यातलं काय कमी होतं ते मला सांगा.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तू सध्या दमली आहेस. दोन महिने प्रबंध बाजूला ठेव. मन शांत झालं की तुझं तुलाच दिसेल.”

मी उत्तर मागितलं होतं आणि त्यांनी मला रजा दिली. माझा राग तिथून सुरू झाला. पण तो पक्का झाला तो चिंचवडच्या एका सभागृहात, त्यांच्या जाहीर व्याख्यानात.

व्याख्यान वाईटाच्या प्रश्नावर होतं. सभागृह भरलेलं. सर सुंदर बोलत, त्या दिवशीही बोलले. मध्यावर आल्यावर म्हणाले, “आपल्याच औद्योगिक पट्ट्यातलं उदाहरण देतो. माझ्या ओळखीचे एक कामगार आहेत. त्यांच्या यंत्रासमोर उजेडाचा पडदा असतो.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. उजेड होता तोवर हात सुरक्षित होता, उजेड नाहीसा झाला आणि फक्त जड उरलं, लोखंड आणि मांस. तो साधा माणूस मात्र शांत होता, कारण त्याला आतून कळलं होतं की खरं काही गेलेलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. सुपरवायझर त्या गोष्टीत कुठेच नव्हता. कंपनीने आपल्या कागदातून जे वगळलं, तेच सरांनी आपल्या भाषणातून वगळलं होतं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले.

“तो उजेड नाहीसा झाला नव्हता, सर. तो एका माणसाने बंद केला. ते कामगार माझे वडील आहेत. ते शांत नव्हते. तुम्ही बोलत होता म्हणून गप्प बसले होते.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. सर म्हणाले, “ही माझी विद्यार्थिनी. गुणी आहे. दुःखात आहे.” आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

मला वाटलं, घरी माझी बाजू घेतली जाईल. मी सगळं सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, “त्यांनी मव्हं नाव घेतलं व्हतं का?”

“नाही.”

“मग तू कामून सांगितलंस? आतापर्यंत कोणाचा तरी हात व्हता. तू मव्हा केलास.”

आठवडाभर ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले. सरांवर जसा माझा राग होता, तसा त्यांचा माझ्यावर होता, आणि त्यांचा राग चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही.

मी मार्गदर्शक बदलला. त्यासाठी सरांची सही लागत होती. त्यांनी ती विनातक्रार दिली आणि वर शुभेच्छा लिहिल्या. त्या शुभेच्छांनीही माझं डोकं तडकलं. प्रबंध नव्याने उभा करायला चार वर्षं लागली. त्यात मला एक गोष्ट सापडली, जी सरांनी इतक्या रविवारांत कधी सांगितली नव्हती. त्याच परंपरेत दोनशे वर्षांनी अथेन्समध्ये होऊन गेलेल्या एका आचार्याने रोमच्या त्या गुरूला साफ विरोध केला होता. जडद्रव्यही त्या ‘एका’पासूनच आलेलं आहे, तर ते वाईट कसं, असं त्याने विचारलं. सगळा दोष सगळ्यात खालच्या पायरीवर टाकायला त्याने नकार दिला. तोही वाईटाला स्वतंत्र अस्तित्व देत नाही, त्यामुळे तोही मला पुरला नाही. पण गुरूशी भांडून परंपरेत राहता येतं, एवढं त्याच्याकडून कळलं. पुढच्या धर्मांनी मात्र सोयीचं तेवढं उचललं. खालच्याला सहन करायला सांगायचं असलं की ‘अभाव’ फार उपयोगी पडतो.

वडील त्याच कंपनीत गेटवर बसू लागले होते. गाड्यांचे नंबर डाव्या हाताने वहीत लिहायचे. सुपरवायझर प्लांटचा मॅनेजर झाला. त्याची गाडी आत जाताना वडील बॅरिअर वर करायचे.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. सर आले आणि शेवटच्या रांगेत बसले. वडील आले नाहीत, त्यांची ड्युटी होती. परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी श्रोत्यांना विचारलं आणि सर उठले. थकल्यासारखे दिसत होते.

“प्रबंध चांगला आहे,” ते म्हणाले. “पण पाचव्या प्रकरणात, जाणूनबुजून केलेल्या वाईटाबद्दल लिहिलं आहेस तिथे, मला वैयक्तिक राग दिसतो. रागाला तर्क म्हणता येईल का?”

“नाही म्हणता येणार,” मी म्हटलं. “रागामुळे मला प्रश्न सुचला. तर्क त्याच प्रकरणाच्या दुसऱ्या भागात आहे. त्यात चूक असेल तर दाखवा.”

“चूक नाही दाखवता येणार,” असं सर म्हणाले आणि बसले.

नंतर चहा होता. सर थांबले नाहीत. काठी टेकत एकटेच जिन्याकडे निघाले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी विद्यार्थ्याने खालपर्यंत सोडायला जायचं असतं. मी कप हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिले.