सोमवारचे उपास आणि माझी हनुवटी

डोलवीला पोलादाच्या कंपनीत, सुट्या सामानाच्या स्टोअरमध्ये कंत्राटावर लागले आणि काही महिन्यांतच माझा चेहरा पुटकुळ्यांनी भरला. तेवीस वर्षांची होते. गालांवर तुरळक, पण हनुवटीवर लाल, पिकलेल्या, हात लागला की ठणकणाऱ्या. पेणहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी ओढणी तोंडावर घेऊन बसायचे.

माझी मावशी रोह्याला लागून अष्टमीत राहते. तिने चेहरा बघितला आणि म्हणाली, "गो, सोमवार धर. पोट रिकामं राह्यलं की रगत साफ होतं."

मी धरला. सोमवार तर धरलाच, गुरुवारही धरला. डब्यात साबुदाण्याची खिचडी, नाहीतर बटाट्याचा कीस. दुपारी वेफर्स, आणि भूक मारायला चार वेळा गोड चहा. दोन महिने एक वार चुकवला नाही. हनुवटी काही सुधारेना. मला वाटलं, आपलाच उपास कमी पडतोय. मग फराळही सोडला, नुसतं पाणी. अशा तिसऱ्या गुरुवारी बोल्टांची पेटी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रॅकला धरून खाली बसले. सुपरवायझरनी पाणी आणून दिलं. लाजेपेक्षा मला राग आला, स्वतःचाच. एवढा हट्ट करायचाच आहे, तर नीट माहिती घेऊन करू.

सुट्टीच्या दिवशी रोह्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उपासाने मुरमं जातात, असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "उलट इतकी साखर आणि साबुदाणा खाऊन काहींची वाढतात. कामावर डोक्याला काय घालता?"

"हेल्मेट."

"आणि त्याचा पट्टा?"

मी हनुवटीला हात लावला. आठ-आठ तास तोच घामट पट्टा तिथे घासत होता.

हेल्मेट सोडता येणार नव्हतं. मी सुती कापडाच्या पट्ट्या शिवल्या आणि रोज धुतलेली पट्टी हेल्मेटच्या पट्ट्यावर गुंडाळू लागले. झोपताना बाईंनी दिलेलं मलम. पहिल्या तीन आठवड्यांत कातडी सोलून निघाली. मावशी म्हणाली, "काय गो हे, चेहरा भाजल्यागत झालाय! सोड ते मलम."

"नाय सोडणार. बाईंनी तीन महिने सांगितलेत."

तिनाचे चार महिने झाले. पण नव्या पुटकुळ्या थांबल्या. दोन खड्डे राहिले, ते आजही आहेत.

सोमवार अजून करते, देवासाठी. संध्याकाळी भाकरी-भाजी खाऊन सोडते. परवा पॅकिंगमधल्या मैत्रिणीने कपाळ दाखवत विचारलं, "तू कुठला उपास केलास?"

"आधी पोटभर जेव," मी म्हटलं. "मग सुट्टीला माझ्याबरोबर रोह्याला चल."