माझ्या पाठीवरची तिघं

माझ्या पाठीवर आईला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. दोन पिवळी पडून गेली, तिसरं पोटातच. ती का गेली, हे आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं.

नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, ऐन तरुणपणी विधवा होऊन परत आलेली. तिनं विड्या वळून बाबांना शिकवलं होतं, त्यामुळे घरात तिचा शब्द खाली पडत नसे. आमच्या घराण्यानं छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतली होती. गावाकडच्या घरातले देव बाबांनी स्वतःच्या हातानं टोपलीत भरून नदीत सोडले होते. ही गोष्ट ते शाळेतल्या मास्तरांना अभिमानानं सांगायचे. गावाकडे मात्र बाबांचे एक चुलतभाऊ होते. दीक्षा त्यांनीही घेतली होती, पण ती टोपली त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

पहिला भाऊ झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. तो घरीच झाला, सुईणीच्या हातानं. गोरा आणि चांगला वजनदार होता, असं आई सांगायची. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले, मग अंग. सुईण म्हणाली, उन्हात धरा. आईनं त्याला अंगणात कोवळ्या उन्हात घेऊन बसायचं आणि मी शेजारी बसून त्याच्या तोंडावरच्या माशा हाकायच्या, एवढं मला आठवतं. मग एका सकाळी अंगणात आई एकटीच होती.

त्याच दुपारी आत्यानं मला जवळ ओढलं, फ्रॉक वर करून माझी पाठ पाहिली आणि तळहातानं चाचपली. मला वाटलं, ती कुरवाळते आहे.

"पोट्टीची पाठ चांगली नाई," ती आईला म्हणाली. "हिच्या पाठीवरचं जगत नसते."

  बाबा ताडकन उठून आत्याला म्हणाले, "बाई, असलं काही या घरात बोलायचं नाही. कावीळ पाण्यातून होते. ही दूषित पाणी प्यायली, ते बाळाला बाधलं."

गावाहून चुलतकाका आले, तेही ओसरीवर बसून हळूच म्हणाले, "गा भाऊ, देव असे सोडायचे नसतात." बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काकांना चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. आज मला कळतं की बाबांना पाणी हवंच होतं. पाणी नसतं, तर मग टोपली उरली असती.

आई पुन्हा दिवसांत गेली तसं आमचं घर प्रयोगशाळा झालं. विहिरीत लाल औषध पडू लागलं. पाणी दोनदा उकळायचं, गाळायचं, झाकायचं. आईसाठी वेगळा माठ, वेगळा पेला. तिला कोणाच्या लग्नात जेवायची बंदी, बर्डीच्या बाजारात गेली तर उसाच्या रसाची बंदी, शेजारणीकडचं ताक बंद. बाबा शाळेतून आले की आधी माठावरचं झाकण बघायचे. आई हसून म्हणायची, "मी काई औषधाची बाटली हाओ का?" पण ती सगळं पाळायची. मनातून तिलाही ते बरं वाटत असावं. माझ्या पाठीपेक्षा, नदीतल्या देवांपेक्षा पाणी बरं. ते उकळता तरी येत होतं.

शेजारीण म्हणाली, या वेळी दवाखान्यात न्या. बाबा नाही म्हणाले. दवाखान्यातलं नळाचं पाणी कोण उकळतं, असा त्यांचा प्रश्न होता. बाळंतपण घरीच झालं, उकळलेल्या पाण्यात, उकळलेल्या कपड्यांवर. मुलगा झाला. संध्याकाळपर्यंत तो पिवळा झाला होता.

 तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा आईजवळ बसले. मला वाटलं, आता ते तिला समजावतील.

"आठवून बघ," ते म्हणाले. "कुठेतरी पाणी प्यायली असशील."

आईनं आठवून बघितलं. खरंच बघितलं. तो पोटात असताना तिचे वडील वारले, तेव्हा ती उमरेडजवळच्या आपल्या गावी गेली होती, रडून रडून तिचा घसा सुकला होता, आणि कोणीतरी तिच्या हातात पितळी पेला दिला होता.

"तिथं प्यायली," ती म्हणाली. "एकच घोट."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्यात सुटल्यासारखंही काही होतं. गणिताचं उत्तर बरोबर आलं की ते असेच मान हलवायचे. त्यानंतर कित्येक वर्षं तो पेला आईच्या बोलण्यात यायचा. आपल्या बापाच्या मरणाला आपण पाणी का प्यालो, याचा तिला पस्तावा होता.

तिसऱ्या वेळी आत्या हट्टाला पेटली. "पाणी पाहून झालं तुह्यं," ती बाबांना म्हणाली. "आता माह्यं आयक. या पोट्टीले घरातून हलव. लेकरू होऊन सव्वा महिन्याचं होईलोक हिनं आईच्या डोळ्यासमोर याचं नाई."

बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तेवढ्यानं तुझं समाधान होत असेल तर ठेवू हिला मामाकडे. तिथली शाळाही बरी आहे."

मला मामाकडे धाडलं. मामा चांगला होता, मामी चांगली होती. पण गावातल्या बायकांना मी का आले ते कळलं होतं. विहिरीवर एक गरोदर बाई मला पाहून पदर सावरून बाजूला झाली. मी आठ वर्षांची होते. रात्री पाठीवर झोपायचे, म्हणजे ती कोणाला दिसणार नाही.

मधे एकदा आईला राहवलं नाही. बाबा शाळेत असताना ती एसटीत बसून मला भेटायला आली. मला पोटाशी धरलं, दोन्ही हात माझ्या पाठीवरून फिरवले, डोक्यात तेल घातलं आणि चारच्या गाडीनं परत गेली.

बाळ आठव्या महिन्यात पोटात हलेनासं झालं. तेव्हा मात्र बाबांनी रिक्षा बोलावली आणि आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. मामा मला घेऊन दुसऱ्या दिवशी तिथं पोचला. बाळ मेलेलंच जन्मलं होतं, सुजून फुगलेलं. मुलगी होती. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या आत्यानं मला पाहिलं आणि म्हणाली, "भेटाले गेली होती ना तुही माय? मले माहीत नाई काय? म्हणून झालं."

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आईचं आणि बाबांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी असताना ती आली आणि दोघांना समजावून सांगू लागली. आईचं रक्त एका प्रकारचं, बाबांचं दुसऱ्या. पहिल्या मुलाला, म्हणजे इथं मला, सहसा काही होत नाही. पण त्या बाळंतपणात मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर ते परकं म्हणून ओळखू लागतं, आणि पुढच्या बाळांचं रक्त नासवतं. म्हणून ती पिवळी पडतात, म्हणून अशी सुजतात.

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. डॉक्टरीण खूश झाली. मग तिनं विचारलं, "मागच्या वेळी दवाखान्यात का नाही आणलं? जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त बदलता येतं. वाचलंच असतं असं नाही, पण वाचलं असतं कदाचित."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. उत्तर आईनं दिलं.

"पाण्यामुळं," ती म्हणाली.

डॉक्टरणीला ते कळलं नाही. तिला पुढच्या खाटेकडे जायचं होतं. जाताना तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची काही चूक नाही, बाई. यांचीही नाही. दोघांचं रक्त असं असलं की होतं."

घरी येताना रिक्षात आई मला मांडीवर घेऊन बसली होती. अंगात त्राण नव्हतं, तरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पाण्यानं नाई झालं वं. तुह्या पाठीनंही नाई. आयकलं ना तू? डाक्टरीण बाईनं सांगतलं." मेलेलं मूल मागे ठेवून येणारी बाई इतकी हलकी झालेली मी पुन्हा पाहिली नाही. तिला वाटत होतं, आता सगळ्यांना कळेल.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हंजे हिचंच रक्त वाईट. तीन लेकरं खाल्ली रक्तानं."

चुलतकाका भेटायला आले. तेही म्हणाले, "रक्त असं काहून बिघडलं मग? आपोआप बिघडत असते काय?" त्यांच्या टोपलीला रक्तातही जागा मिळाली. आठवड्याभरात गल्लीतल्या बायका आईच्या हातचं काही घेताना थबकू लागल्या. पुढे आत्या एक पाऊल आणखी गेली. "दुसरीशी जुळलं असतं रक्त," ती बाबांच्या देखत म्हणायची. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. पण आत्याला त्यांनी टोकलंही नाही.

एकदा भाकरी वाढताना आई त्यांना म्हणाली, "तुमी सांगा ना बाईले. दोघायचं रक्त म्हणाली होती ते डाक्टरीण. माह्यं एकटीचं नाई."

"तिला नाही समजायचं ते," बाबा म्हणाले.

"तुमाले तं समजलं."

बाबा जेवत राहिले.

मी मोठी झाले आणि बाबांच्याच शाळेत त्यांच्याच वर्गात बसू लागले. पुस्तकात रक्तगटांचा धडा होता. मला वाटलं, ते तो घाईत उरकतील. त्यांनी उरकला नाही. फळ्यावर त्यांनी आई काढली, तिच्या पोटात बाळ काढलं, लाल खडूनं एक रक्त आणि निळ्या खडूनं दुसरं. पहिलं बाळ का वाचतं, दुसरं का नाही, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसून ऐकत होती. अलीकडे यावर एक इंजेक्शन निघालं आहे, तेही सांगितलं.

एका मुलीनं हात वर केला. "सर, मग यात चूक आईची असते का?"

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ होता. "वडिलांचं रक्त तसं नसतं, तर काहीच झालं नसतं. कारण दोघांकडून येतं. आणि चूक तर कोणाचीच नसते. आईला दोष देणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. वहीत लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"त्या पोट्टीले सांगतलं?" तिनं विचारलं. "वर्गात? सगळ्यायसमोर?"

"हो."

त्या संध्याकाळी बाबा पेपर वाचत होते, आत्या सुपात तांदूळ निवडत होती. आई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, "बाई, तीन लेकरं माह्या एकटीच्या रक्तानं नाई गेली. यायचंही रक्त होतं त्याच्यात. आज शाळेत यायनं सोताच सांगतलं."

आत्याचे हात थांबले. तिनं बाबांकडे पाहिलं. "खरं काय गा?"

मला वाटतं, त्या क्षणी ते हो म्हणाले असते तर आत्यानं ऐकलं असतं. तिचा चेहरा तसा होता. त्या एका माणसाचं ती सगळं ऐकायची.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. "ते तसं सरळ नसतं," ते म्हणाले. "पुस्तकातलं वेगळं असतं."

आत्या पुन्हा तांदूळ निवडू लागली.  आई आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही. पुढच्या महिन्यात ती मामाकडे गेली आणि दिवाळी होऊन गेली तरी आली नाही. आली ती माझी मॅट्रिकची परीक्षा होती म्हणून. पुढची वर्षं ती आणि बाबा एकाच घरात राहिले, एकमेकांना चहा देत, वेळेवर औषध देत. माणसं त्यांना सुखी जोडपं म्हणायची.

आत्या गेली तेव्हा मला दोन मुलं होती, दोन्ही धडधाकट. मरायच्या आधी ती मला म्हणाली होती, "तुही पाठ सुधरली वं." ती मनापासून आनंदली होती.

बाबा निवृत्त झाल्यावर मी एकदा माहेरी गेले होते. पुस्तकांचं कपाट आवरता आवरता ते अचानक म्हणाले, "तो रक्तगटांचा तास तुला आठवतो? तू होतीस ना त्या वर्षी वर्गात?"

मी हातातलं काम थांबवलं. इतक्या वर्षांनी ते आता काहीतरी बोलतील असं मला वाटलं. आई आत होती, तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावर.

"होते," मी म्हणाले.

"फार चांगला झाला होता तो," बाबा म्हणाले आणि पुढचं पुस्तक झटकायला घेतलं.