फोल्डिंग खात्यातला कॅमेरा

बमरोलीच्या एका प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, माझी मावशी साड्यांच्या घड्या घालायची, आणि मी कॅमेरे बसवणाऱ्या एका छोट्या दुकानात कामाला होते. त्या मिलचं काम आमच्याचकडे होतं, पण तोवर मी तिथे कधी गेले नव्हते.

मावशी डिंडोलीत आमच्याच गल्लीत राहते. त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी येऊन आईपाशी एकच रडगाणं गायची. फोल्डिंग खात्यातला छताचा कॅमेरा मान वळवून बायकांकडे बघतो, म्हणे. मध्येच थांबतो, परत वळतो. गेटवरचा वॉचमन आपल्या केबिनीत बसून तो फिरवतो, अशी बायकांची खात्री झाली होती. त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली आणि वॉचमनला काढायचं ठरलं. काढण्याआधी एकदा मशीन तपासून घ्या, असं मिलचे शेठ म्हणाले, म्हणून मला पाठवलं.

मला जायचंच नव्हतं. तक्रार खरी निघाली तर त्या माणसासमोर बसून ते सिद्ध करायचं, आणि खोटी निघाली तर मावशीला काय सांगायचं? उधन्याच्या पुलावर गाडी चालवताना हाच घोळ डोक्यात.

वॉचमन वयस्कर होता, ओडिशाकडचा. मी गेले तेव्हा तो खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मी बस म्हटलं तरी बसला नाही. आपण फक्त गेटचा कॅमेरा फिरवतो, ट्रकचा नंबर दिसावा म्हणून, एवढंच तो सांगत होता.

कॅमेरा फिरवायला त्याच्या टेबलावर एक दांडी होती. मी गेटचा कॅमेरा निवडून दांडी डावीकडे ढकलली. पडद्यावर गेट सरकलं. आणि शेजारच्या चौकटीत फोल्डिंग खातंही सरकलं. मावशी दिसली. तिचे हात साडीवरच थबकले होते आणि ती वर बघत होती, थेट माझ्याकडे.

मी दांडी सोडून दिली.

सेटिंग उघडली तेव्हा उलगडा झाला. दोन्ही कॅमेरे एकाच पोर्टला, एकाच तारेवर जोडलेले. अशा वेळी प्रत्येकाला आपला वेगळा क्रमांक द्यावा लागतो, म्हणजे हुकूम कुणासाठी आहे ते त्याला कळतं. फोल्डिंग खात्यातला जुना कॅमेरा जळाल्यावर कुणीतरी नवा लावला होता आणि कंपनीतून आलेला क्रमांक तसाच ठेवला होता. तोच नेमका गेटच्या कॅमेऱ्याचा. वॉचमन ट्रक बघायचा आणि आत बायकांवर नजर फिरायची. त्याला ते कळतही नसे. ट्रक आला की त्याचं लक्ष गेटच्याच चौकटीवर.

खात्यात शिडी लावून मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं, आतली बटणं सरकवून क्रमांक बदलला, मग केबिनीत येऊन सिस्टीममध्येही तोच भरला. आता दांडी हलवली की फक्त गेट हलत होतं. मी शेठना केबिनीत बोलावून सगळं सांगितलं. वॉचमन मोठा श्वास सोडून खाली बसला. मला वाटलं, सुटले.

शेठनी पडद्याकडे जरा वेळ बघितलं. ते रागीट नव्हते, उलट चहा मागवला होता. म्हणाले, कॅमेरा फिरत होता त्या दिवसांत माल जास्त निघाला.

"बेन, अंदरवाला फिरता ही रखो. अपने आप फिरे, ऐसा होता है ने?"

होतं. ती सोय सिस्टीममध्ये असते. मी दुकानात फोन केला, तर गिऱ्हाईक म्हणेल तसं कर, असं मालक म्हणाले. मी शेठना म्हटलं, करते, पण आधी बायकांना सांगेन. ते हसले. सांग की, म्हणाले, ते तर अजून चांगलं.

बायका जिथे पदर-ओढणी सावरतात, डबे खातात, तो कोपरा मात्र मी हट्टाने पडद्यावर काळा करून घेतला. मग खात्यात जाऊन उभ्या उभ्या सांगितलं: वॉचमनचा दोष नव्हता, आणि आता हा कॅमेरा दिवसभर आपोआप फिरेल. बायका परत घड्या घालायला लागल्या. मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही.

सुटल्यावर ती माझ्या गाडीवर मागे बसली. पांडेसरा ओलांडल्यावर अहिराणीत म्हणाली, "पोरी, पह्यले त्या बुढाले गाया तरी देता ये. आते कोनले देऊ?"

आधी त्या म्हाताऱ्याला शिव्या तरी देता येत होत्या. आता कुणाला देणार? मी उगाच हॉर्न वाजवत राहिले.

दिवाळीनंतर मावशीने मिल सोडली. आता घरीच साड्यांवर खडे चिकटवते, पैसे कमी मिळतात, पण माझ्याशी पहिल्यासारखी बोलते. वॉचमन तिथेच आहे.

मध्यंतरी त्याच मिलमधून फोन आला, नव्या मजल्यावर कॅमेरे लावायचे आहेत. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी मालकांना सांगून टाकलं. पण रात्री जेवताना तेच मनात घोळत राहिलं. जो जाईल तो बायकांचा कोपरा काळा करायचं विचारेल का? सकाळी मालकांना म्हटलं, मीच जाते, आणि शिडी गाडीला बांधली.