कृष्णनाथाचा कान आणि गौरेशचा पिकअप

सुर्ल्याच्या खाणीवर कृष्णनाथाने सतरा वर्षं क्रशर चालवला. खनिजाचे धोंडे भरडणारं ते यंत्र सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत किंचाळत राही, आणि हा त्याच्यापासून चार हातांवर उभा. घरी डिचोलीला आला की अंगावरची तांबडी धूळ धुवायची, चहा घ्यायचा आणि पेटी पुढ्यात ओढायची. गावातला ऑर्केस्ट्रा त्यानेच उभा केला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत.

मास्तरचा कान हा डिचोलीत वादाचा विषयच नव्हता. तरुणपणी देवळाबाहेर चपला काढता काढता त्याने आतल्या पेटीतला कुठला सूर उतरलाय ते सांगितलं होतं. पेटी उघडली, तर त्याच सुराच्या पट्टीत झुरळाचा पंख अडकलेला. ही गोष्ट लोक सांगत, आणि खरं बोलायचं तर लोकांपेक्षा तो स्वतःच जास्त सांगे.

या कानाच्या जोरावरच त्याने सुलोचनाला घरी बसवलं. सुलोचना चोपड्याची, बालवाडीत शिकवणारी, ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं गायलेली. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीच्या जुलैत, तालमीला दहा माणसं बसलेली असताना मास्तर तिला म्हणाला, “सुलोचना, तुज्या आवाजाची धार गेली गो. गोधडीतल्यान गायल्यासारकें लागता. आता घरा बस.” ती वाद घालायला उभी राहिली नाही. आपली वही पिशवीत घातली आणि गेली. तिच्या जागी जानकी आली. जानकीचा आवाज सुईसारखा होता आणि मास्तरला तो फार स्वच्छ वाटला. बाकीच्यांना कसा वाटला, ते कोणी बोललं नाही. कानाच्या राजापुढे तोंड उघडणार कोण?

नोव्हेंबरात गौरेशच्या गिटारचं निघालं. गौरेश ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने त्याला इलेक्ट्रिक गिटार आणून दिली होती, पण तिचा पिकअप जळाला. तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, तीच तारांची थरथर अँप्लिफायरला पोचवते. तो पिकअप नवा मागवायचा तर मुंबई गाठावी लागली असती. म्हणून मास्तरने गिटार उचलली आणि बाजारात गोकुळदासाकडे नेली. गोकुळदास पंपाच्या नि पंख्यांच्या मोटारी गुंडाळून देणारा. त्याला तारेचं सगळं कळत होतं, गाण्याचं काही नाही.

गोकुळदासाने आठ हजार फेरे गुंडाळून दिले. गौरेशने दुकानातच वाजवून पाहिलं. आवाज भरदार आला, जाडसर, गुळाच्या पाकासारखा. गौरेशचा चेहरा उजळला.

“बंद लागता,” मास्तर म्हणाला. “मडक्यात तोंड घालून बोलल्यासारकें. फेरे कमी कर.”

फेरे जास्त तितका आवाज जाड, कमी तितका पातळ नि टोकदार, एवढं गोकुळदासाला एव्हाना समजलं होतं. त्याने हजार फेरे सोडवले, तारेची टोकं डाकाने परत जोडली. मास्तरने मान हलवली, अजून बंद. आणखी हजार. तरी बंद. पाच हजारांवर आले तेव्हा समोरच्या पानवाल्याने दुकानाची एक फळी लावून घेतली.

“मास्तर,” गौरेश भीत भीत म्हणाला, “माका आदलोच बरो दिसतालो. हो सुयेसारको कानाक तोपता.”

“तुजे कान रे कितले वर्सांचे?” मास्तरने त्याला उडवून लावलं. “तुका गोड म्हणजे बरें इतलेंच कळता. उजेड म्हणटात तो हो.” आणि गोकुळदासाला म्हणाला, “आनीक पांचशें काड.”

गोकुळदासाने गौरेशकडे पाहिलं, गौरेशने खाली पाहिलं, आणि पाचशे फेरे निघाले. मास्तर खूश झाला. शहाणपणाचा हा असा ताठा चढला की माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही.

डिसेंबरात पेडण्याला जत्रेच्या मांडवात दिवेलागणीला कार्यक्रम होता. कोकणी राजभाषा झाल्याचं ताजं होतं, म्हणून अर्धी गाणी कोकणी, अर्धी मराठी असं भांडून ठरलं होतं. त्या भांडणाचं कोणाला काही राहिलं नाही. गौरेशने पहिली तार छेडली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. एक तान्हं पोर कळवळून रडायला लागलं. मागून कोणीतरी ओरडला, “पत्र्यार खिळो कित्याक ओडटात रे?” हशा पिकला.

मास्तर पेटीवर होता. त्याला वाटलं, भोंग्यात काही बिघडलं असेल, मांडव नीट नसेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तेवढ्यात गौरेशने त्याला न विचारता गिटारवरची, आवाजाचं टोक कमी-जास्त करणारी टोनची कळ पार उलटी फिरवली. मास्तरच्या कानाला गिटार मडक्यात गेली. आणि त्याच क्षणी बायकांचे हात खाली आले, पोर गप्प झालं, लोक माना डोलावू लागले. मास्तर त्या माना बघत राहिला आणि त्याची बोटं पट्ट्यांवर चुकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आपल्या मुलीला, सेजलला, हाक मारली. तिच्याकडे मनगटावरचं आकड्यांचं घड्याळ होतं, दर तासाला वाजणारं. त्याची शिटी म्हणे सगळ्या घराला ऐकू जाते.

“वाजय पळोवया,” तो म्हणाला.

सेजलने कळ दाबली. तो वाट बघत राहिला.

“वाजय गो.”

“वाजता मरे, बाबा. केन्नाचें वाजता.”

त्याने घड्याळ तिच्या हातातून घेतलं आणि कानाला लावलं. काही नाही. भिंतीला कान लावावा तसं. स्वयंपाकघरातून त्याची बायको चंद्रावती बाहेर आली आणि दारातच थांबली. तिला सगळं कळलं असावं.

“तुमका बारीक आवाज येनात तें माका दोन वर्सां खबर आसा,” ती म्हणाली.

“मगे सांगलें कित्याक ना?”

“तुमच्या कानाचें नांव काडपाची हिंमत कोणाक?”

कृष्णनाथ खाली बसला. कान गेल्याचं दुःख त्याला झालं, नाही असं नाही. पण ते दुःख पुरतं पोचायच्या आधीच सुलोचना आठवली. दहा माणसं आठवली. गोधडीतल्यान गायल्यासारकें, असं आपण केवढ्या तोऱ्यात म्हणालो, आणि गोधडी होती कोणाच्या डोक्यावर? लाजेने त्याच्या कानशिलांना ऊब आली. त्या निकामी कानांनाच.

मग पंधरा दिवस त्याने भेकडासारखे काढले. तालमीला गेला नाही, पाठ दुखते म्हणाला. बाजारात गोकुळदासाच्या दुकानाची बाजू टाळून चालला. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नाही, असं रोज सकाळी त्याला वाटे. जानकी गातेच आहे. सुलोचना काही मागायला येणार नाही. लोक फार तर म्हणतील, मास्तर म्हातारा झाला. असं सगळं मनात मांडून तो कामावर जाई, आणि क्रशर सुरू झाला की त्या आवाजात त्याला स्वतःचीच किळस येई.

सोळाव्या दिवशी, रविवारी, त्याने म्हापशाची बस धरली. तिथून शिवोली, तिथून फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडून चोपडे. बोटीत त्याने काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा ते बोलणं त्याच्याच बाजूचं निघालं. क्रशरच्या आवाजाने कान गेले, वय झालं, आपला काय दोष. शेवटी जुळवणं सोडून दिलं.

सुलोचना अंगणात कुळीथ निवडत होती. त्याला बघून उभी राहिली, पण बस म्हणाली नाही.

“सुलोचना,” तो उभ्यानेच म्हणाला, “आवाज तुजो मेलो नासलो. कान माजे मेले. माका बारीक आवाज आयकूंकच येनात. तुका घरा धाडली ती माज्या चुकीन. तालमीक येवन सगळ्यांमुखार सांगतलों.”

तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

“पांच म्हयने, मास्तर,” ती म्हणाली, “मी न्हाणयेत सुद्दां गुणगुणूंक ना. बालवाडयेंत भुरग्यांक गाणीं शिकोवचीं पडटात. मी तीं नुसतीं वाचून दाखयतालें. म्हाकाच म्हजो आवाज मेल्लो लागतालो. तुमी म्हणल्यार तो मेलोच मूं?”

ती रडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने माफी मागितली, आणि ती त्याच्या तोंडातून अशी पडेल निघाली की त्याची त्यालाच शरम वाटली.

सुलोचनाने सूप खाली ठेवलं. घसा साफ केला. आधी अगदी हळू, मग जरा मोकळं, तिने तालमीतलं जुनं गाणं धरलं. वरच्या पट्टीत जाताना ती एकदा अडली, थांबली आणि पुन्हा गेली.

तिची आई सुमंगला ओले हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. कुंपणापलीकडे माड शिंपणारा शेजारी कळशी हातात धरून थांबला.

कृष्णनाथ जीव कानात आणून ऐकत होता. त्याच्या कानाला तो आवाज जुलैत लागला होता तसाच लागला. बोथट, गोधडीतला, मेलेला. यापुढे तिने कसंही गायलं तरी त्याला तो तसाच लागणार होता.

गाणं संपलं. सुलोचनाला धाप लागली होती.

“कसो आसा?” तिने त्याला विचारलं.

छान म्हणणं सोपं होतं. आईचे डोळे बघून कोणीही म्हटलं असतं. पण न ऐकता निकाल द्यायचा धंदा त्याने पुष्कळ केला होता.

“माका कळना, सुलोचना,” तो म्हणाला. “तुज्या आवयक विचार.”

तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ करून ती आईकडे वळली, आणि तिलाच विचारलं.