अकरावा ट्रे

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांना ‘हाताआडच्या काकू’ म्हणायचे. समोर कुणाची छाती नव्हती म्हणायची, पण काकूंना ठाऊक होतं. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. हसू आलं की उजवा हात आपसूक तोंडावर जायचा, हातात पळी असली तर पळीसकट. सव्वीस वर्षं रोज अडीचशे माणसांचा स्वयंपाक केला बाईनं, आणि एकाही फोटोत तिचं तोंड नाही.

डेंटल कॉलेजचा कागद लेकीनं आणला. मोठ्या माणसांचे दात पारदर्शक अलाइनरनं सरळ करण्यावर संशोधन, उपचार फुकट.

“तारा नाहीत, काही नाहीत. प्लास्टिकचे ट्रे. घातलेले कळतसुद्धा नाहीत, आई.”

“या वयात? लोक म्हणतील, हिला आता लग्न करायचंय.”

“करायचंय का?”

“गप गं!” काकू हसल्या आणि हात तोंडावर गेला. लेकीनं तो धरून खाली घेतला. तिथंच ठरलं.

अभ्यासात चाळीस माणसं होती. निम्म्यांनी दर आठवड्याला नवा ट्रे घालायचा, निम्म्यांनी पंधरवड्याला. दात कुणाचे कसे सरकतात ते मोजायचं. काकू आठवड्यावाल्यांत, रुग्ण क्रमांक एकतीस, एकूण ट्रे सव्वीस. मोजमाप घेणारी डॉक्टर लेकीच्याच वयाची. तिचा प्रबंध यावरच होता.

“दिवसाचे बावीस तास ट्रे तोंडात हवा, काकू. खाताना आणि दात घासताना तेवढा काढायचा. गरम लागलं तर वाकडा होतो. आणि रोज किती तास घातला ते या वहीत लिहायचं. खरं लिहा हं.”

“खोटं लिहायला मी काय साहेब आहे?”

आता ही बावीस तासांची अट ज्यानं घातली, तो जन्मात कधी उकळत्या पातेल्यापुढं उभा राहिलेला नसणार. स्वयंपाकीण चाखते. प्रत्येक पातेलं दोनदा, तीनदा, तेही गरमच. काकू हात धुवायच्या, ट्रे काढून डबीत ठेवायच्या, चाखायच्या. पुढचं पातेलं उतरेपर्यंत पुन्हा घालायला उसंत नसायची. मग चूळ भरून ट्रे परत तोंडात, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत मिनिटं. बेरीज कधी सतरा तास, कधी अठरा.

“चाखायचं मला सांगा की,” भाजी चिरणारी म्हणायची.

“तुझ्या जिभेला मीठ कळत असतं तर मी घरी पाय पसरून बसले असते!”

एवढा एक ताठा होता त्यांना. तोच नडला.

कॉलेजच्या बाकावर शेजारी एक चष्मेवाला कारकून असायचा. तपासणीला नंबर लागायच्या पाच मिनिटं आधी तो वही काढायचा आणि आठवडाभराचे बावीस, बावीस, बावीस एका दमात ओढायचा.

“अहो, हे आत्ता लिहिताय?”

“सगळेच लिहितात, काकू. त्यांना बावीस हवेत, आपल्याला दात हवेत. फिटंफाट.”

काकूंनी तोंड फिरवलं.

आठव्या ट्रेपर्यंत फरक डोळ्यांना दिसायला लागला. आधी बाजूचे दात मागं ढकलून जागा करायची, मग पुढचे दोन त्या जागेत वळवायचे, असा बेत होता. अकराव्या ट्रेला जागा झाली होती, दात वळायचे होते. वरचे खालचे दात पुढून मिळेनासे झाले. मिठाची पिशवी काकू सव्वीस वर्षं दातांनी फाडायच्या, ती आता फाटेना.

“मधला टप्पा आहे,” डॉक्टर म्हणाली. “बाराव्यापासून वळायला लागतील.”

पुढच्या मंगळवारी बाराव्या ट्रेऐवजी खुर्चीशेजारी मोठे सर उभे होते. हातात काकूंची वही.

“सरासरी सतरा तास चाळीस मिनिटं. वीसच्या खाली असलेला रुग्ण आम्हाला अभ्यासात धरता येत नाही. तुम्ही सही केलेल्या कागदावर आहे हे.”

“मग?”

“ट्रे कंपनीकडून येतात, फक्त अभ्यासातल्यांसाठी. पुढचे येणार नाहीत.”

“अहो, पण दात अर्ध्यावर आणून सोडलेत तुम्ही!”

“बाहेर उपचार पूर्ण करता येतील.”

बाहेर परवडत असतं तर या खुर्चीत कोण बसलं असतं?

“त्या बाकावरच्या वह्या वाचा एकदा,” काकू कडाडल्या. “एका शाईनं, एका दमात लिहिलेल्या.”

“त्या नियमात बसतात,” सर शांतपणे म्हणाले. “खरं सांगू? तुमच्याइतकी चोख नोंद कुणीच ठेवली नाही.” आणि ते हे कौतुकानं म्हणाले.

डॉक्टर मागून धावत जिन्यापर्यंत आली. हातात कोरी वही. “आकडे शुक्रवारी कंपनीकडे जाणार आहेत. पुन्हा लिहून आणा. मी सरांना सांगेन, बेरीज चुकली होती. प्लीज, काकू.”

“मी कुणाला शिळं ताजं म्हणून वाढलेलं नाही,” काकू म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

बुधवारी त्यांनी आरशात पाहिलं. दातांमध्ये फट, आणि फटीच्या कडेला तेच दोन दात, जिथले तिथं. गुरुवारी लेक हात जोडून म्हणाली, “आई, लिही ना गं. आकडेच आहेत.”

शुक्रवारी अकराच्या सुमाराला त्यांनी पळी भाजी चिरणारीच्या हातात दिली. “चाख. मीठ बघ. मी येते.”

तिनं आ वासला.

कोपऱ्यावरच्या दुकानातून वही घेतली. बसमध्ये मांडीवर ठेवून सत्त्याहत्तर दिवस लिहिले. बावीस. साडेएकवीस. बावीस. खरं वाटावं म्हणून दोन पेनं वापरली. अक्षर हिसक्यानं थरथरत होतं, पण थांबल्या नाहीत.

डॉक्टरच्या खोलीत पोचल्या तेव्हा ती संगणक बंद करत होती.

“काकू… सरांनी आकडे सकाळीच पाठवून दिले.”

“मी लिहून आणलंय.”

तिनं वही घेतली, पानं उलटली, मिटली. परत देताना वर बघेना. “आता माझ्या हातात काही नाही. अकरावाच घालत राहा. निदान दात आहेत तिथं राहतील.”

“किती दिवस?”

“टिकेल तोवर.”

आठवड्यासाठी बनलेला ट्रे काकूंनी पाच महिने चालवला. पिवळा पडला, मग दाढेशी तडा गेला. त्यांनी कॉलेजला फोन लावला. ती डॉक्टर पास होऊन दुसऱ्या गावी गेली होती. फोनवरचा आवाज नवा होता.

“रुग्ण क्रमांक?”

“एकतीस.”

कळफलकाचा आवाज आला. “एकतीस नाहीये, मावशी. तीसनंतर बत्तीसच आहे.”

“मधली मी,” काकू म्हणाल्या.

“यादीत नाही ना पण.”

मागं पातेल्याला उकळी फुटली होती. काकूंनी फोन ठेवला, खिळ्याला दोरीनं टांगलेली कात्री घेतली आणि मिठाची पिशवी कापली.