साबणअण्णांची रेघ

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात हसण्यासारखे अण्णा आहेत आणि लाज वाटण्यासारखा मी.

उधन्यातल्या माझ्या गोदामातून गावोगावच्या सरकारी दवाखान्यांना ऑक्सिजनच्या सिलिंडरवर बसवायचे रेग्युलेटर जायचे. खानदेशातून आलेले अण्णा ते तपासायचे. दाढीच्या ब्रशने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा, हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं. म्हणून ते साबणअण्णा. रेग्युलेटरची दाढी रोज व्हायची, अण्णांची आठवड्यातून एकदा.

ऑक्सिजनजवळ तेल पेट घेतं म्हणून ते सगळ्यांचे हात हुंगत. मी नाश्त्याला तेल घातलेला लोचो खाऊन आलो की माझेही. "शेठ, तेल शे. धुई या!" मालक असून मी मुकाट्याने हात धुवायचो.

तपासलेल्या खोक्यावर ते निळ्या खडूने रेघ मारत. ती दिसली की दवाखान्यात खोकं पुन्हा उघडून बघत नसत.

लढाई सुरू झाली. जखमी येतील म्हणून दवाखान्यांची एकदम मागणी आली. अण्णा म्हणाले, "तीन दिन लागतीन." मी म्हणालो, "तिकडे तोफा चालल्यात, अण्णा, तुमचं काय फेस-फेस!" देशभक्ती माझ्या अंगात अशी संचारली, की ते जेवायला गेल्यावर उरलेल्या खोक्यांवर मीच रेघा मारल्या आणि टेम्पो रवाना केला.

जखमी कुणी आलंच नाही. आली दम्याची एक म्हातारी. रेग्युलेटर गळका, त्यातून सिलिंडर रिकामा झालेला. शेजारच्या गावाहून दुसरा आणेपर्यंत ती कशीबशी तगली.

डॉक्टर खोकं घेऊन गोदामात आले. "रेघ तर अण्णांची आहे."

सगळ्यांदेखत मी म्हणालो, "वय झालं हो त्यांचं."

अण्णांनी रेघेवरून बोट फिरवलं. "हाई मन्ही नही. कोनी मारी, शेठ?"

मी डॉक्टरांसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत. गावी गेले ते कायमचे.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या गावी, दोंडाईच्याला गेलो. वाटभर कबुलीचं वाक्य घोकत होतो. अण्णांनी सुनेला हाक मारली. "हाऊ मन्हा शेठ. यास्नी मन्हावर कायम भरोसा ठेवा."

मी त्यांच्यावर कायम भरोसा ठेवला, हे ते मनापासून म्हणाले की टोमणा मारला, मला आजही कळलेलं नाही. "अण्णा, ती रेघ..." एवढंच मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत थांबले.

"तब्येतीला जपा," मी म्हणालो, आणि उठलो.